शाळेतलं भांडण ठाण्यात जातं तेव्हा

आज बचतीचं आणि हप्त्याचं बोलणार नाही. आज शाळेच्या मैदानावर होणाऱ्या मारामारीबद्दल बोलायचं आहे. त्या मारामारीत पोलीस कधी येतात, आले तर त्यांनी काय करायचं असतं आणि काय करायचं नसतं, हे नीट समजून घ्यायचं आहे. हा काही गटाचा विषय नाही, असं तुम्हाला वाटेल. मागच्या पावसाळ्यापर्यंत मलाही तसंच वाटायचं.

माझ्याकडच्या एका गटात शेजारशेजारच्या दोघी बाया होत्या. गाव सांगत नाही, शाळाही सांगत नाही. दोघींची पोरं आठवीत, एकाच वर्गात. मधल्या सुट्टीत नळावर पाणी पिताना धक्का लागला, शिवी गेली आणि एकाने दुसऱ्याला ढकललं. दुसरा नळाच्या ओट्यावर तोंडावर पडला. त्याचा समोरचा दात तुटला. सगळं मिळून पाच मिनिटांचं भांडण.

दुसऱ्या दिवशी दात तुटलेल्या पोराचा चुलता शाळेच्या फाटकाशी जाऊन थांबला. ढकलणारं पोरगं बाहेर येताच त्याने त्याला काठीने मारलं. मग दोन्ही घरची माणसं ठाण्यात. चुलत्यावर गुन्हा दाखल झाला. इकडे शाळेने ढकलणाऱ्या पोराच्या बापाला सांगितलं, "कटकट नको, दाखला घेऊन जा." त्याने रागात दाखला घेतला. पोरगं घरी बसलं आणि दिवाळीनंतर कापूस वेचायला जाऊ लागलं.

दोघी बायांनी बैठकीला येणं बंद केलं. एकीच्या कर्जाला दुसरी जामीन होती, तो हप्ता थकला. पंचसूत्रीतलं पहिलं सूत्र नियमित बैठकीचं, तेच मोडलं. आणि मैत्रिणींनो, दात तुटलेलं पोरगं एकदा आईची वही द्यायला माझ्याकडे आलं, तेव्हा हळूच विचारत होतं, "ताई, तो शाळेत कधी येणार?"

पोरांचं भांडण पाच मिनिटांत संपलं होतं. मोठ्यांचं चार महिने चाललं. त्या चार महिन्यांत कोणालाच माहीत नव्हतं की कायदा नेमकं काय सांगतो. मलाही नव्हतं. नंतर मी ते समजून घेतलं, वकीलबाईंकडून तपासून घेतलं. तेच आज तुम्हाला सांगते.

भांडण किरकोळ की गंभीर?

पोरं भांडणारच, हे खरं. पण प्रत्येक भांडण हसण्यावारी नेण्यासारखं नसतं, हेही खरं. जून २०२५ मध्ये अहिल्यानगर शहरात एका शाळेच्या आवारातच आठवीतल्या मुलाने दहावीतल्या मुलावर चाकूने वार केले. तो मुलगा दगावला. मागे वाद होता क्रिकेट खेळण्यावरून. दोन्ही लेकरंच. म्हणून "पोरांचं आहे, सोडा" हेही चूक आणि प्रत्येक वेळी "चला ठाण्यात" हेही चूक. आपल्याला मधली रेघ ओळखता आली पाहिजे.

भांडण कळल्याबरोबर पहिलं काम दवाखान्याचं. ठाण्याचं नाही आणि समोरच्याच्या घरी जाण्याचं तर नाहीच. डोक्याला मार असेल, उलटी होत असेल, लेकरू गुंगीत वाटत असेल, कान किंवा नाकातून रक्त येत असेल, तर एक मिनिटही घालवू नका. मारहाणीचं प्रकरण आहे म्हणून "आधी पोलिसांचा कागद आणा" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. जीव वाचवण्याचे उपचार आधी, कागद नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगून ठेवलं आहे. डॉक्टरांना मार कसा लागला ते खरं सांगा. "खेळताना पडला" असं सांगितलं की पुढे तेच कागदावर राहतं. उपचाराचा कागद, एक्सरे, पावती जपून ठेवा.

दुसरं काम शाळेचं. शाळेत जा, पण एकटीने रागात जाऊ नका. गटातली एक शांत डोक्याची बाई सोबत घ्या. मुख्याध्यापकांना एका साध्या कागदावर लिहून द्या: कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे, काय झालं, कोणी पाहिलं, लेकराला काय लागलं. त्या कागदाच्या दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्या, म्हणजे सही, शिक्का आणि तारीख. तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं. शाळेने दोन्ही पालकांना बोलवावं, दोन्ही पोरांचं वेगवेगळं ऐकावं, नंतर एकत्र बसवावं. ढकलाढकली, शिवीगाळ, एखादी चापट, वही फाडणं, डबा सांडणं, एवढं असेल तर ते शाळेतच मिटायला हवं. त्यासाठी ठाण्याची पायरी चढायची गरज नाही.

पोलिसांना कधी बोलवायचं?

काही वेळा मात्र पोलिसांना सांगितलंच पाहिजे. त्या वेळा लक्षात ठेवा.

एक, चाकू, ब्लेड, कडं, सळई, दगड असं काही वापरलं असेल किंवा दप्तरात हत्यार सापडलं असेल.

दोन, मार मोठा असेल. आता इथे एक गोष्ट ऐका. आपण म्हणतो, दातच तर तुटला. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हाड मोडणं किंवा दात तुटणं ही गंभीर दुखापत मानली आहे. पंधरा दिवस खूप वेदना झाल्या किंवा रोजची कामं करता आली नाहीत, तर तीही गंभीर दुखापत. मोठ्या माणसाने हे केलं तर सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. साधी मारहाण असेल तर एक वर्षापर्यंत.

तीन, एका लेकराला पुन्हा पुन्हा गाठून मारलं जात असेल, पैसे मागितले जात असतील, धमकी दिली जात असेल आणि शाळेला लेखी सांगूनही काही झालं नसेल.

चार, शाळेबाहेरची मोठी पोरं किंवा मोठी माणसं भांडणात उतरली असतील.

पाच, भांडणात नको तिथे हात लावणं, कपडे काढायला लावणं, तसले फोटो किंवा व्हिडिओ काढणं असेल. तिथे पोक्सो कायदा लागतो. अशी गोष्ट कळल्यावर ती पोलिसांना कळवणं सगळ्यांना बंधनकारक आहे. शाळेने ती दाबून ठेवली तर तोच गुन्हा होतो. ही गोष्ट बैठकीत मिटवायची नसते.

तातडी असेल तर ११२ हा नंबर लावा. लेकरांसाठी १०९८ हा नंबर चोवीस तास चालू असतो. आपल्या हट्ट्यात पोलीस ठाणं गावातच आहे. पण आजूबाजूच्या वाडी-तांड्यांवरच्या बायांना रात्री येणं जमत नाही. त्यांनी हे दोन नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत.

ठाण्यात गेल्यावर काय होतं?

आपल्याला वाटतं, पोलीस आले की पोराला गाडीत घालणार, कोठडीत टाकणार, बेड्या घालणार. लेकरू अठरा वर्षांखालचं असेल तर यातलं काहीच करता येत नाही.

अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी वेगळा कायदा आहे. त्याचं नाव बाल न्याय कायदा, २०१५ चा. वर्तमानपत्रात "विधिसंघर्षग्रस्त बालक" असा जड शब्द येतो, तो याच कायद्यातला. कायद्याच्या कचाट्यात सापडलेलं लेकरू, एवढाच त्याचा अर्थ. या कायद्यात त्याला आरोपी किंवा गुन्हेगार म्हणत नाहीत.

प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असावा लागतो. लेकराचं प्रकरण त्याच्याकडेच द्यायचं असतं. त्याने गणवेशात नाही, साध्या कपड्यात लेकराशी बोलायचं असतं. ठाण्यात गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा: "साहेब, इथले बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण आहेत?" हा प्रश्न विचारणाऱ्या बाईशी बोलण्याची रीतच बदलते, हे मी पाहिलं आहे.

आता एफआयआरचं ऐका, इथे सगळ्यांचा गोंधळ होतो. बाल न्याय कायद्याच्या नियमांप्रमाणे लेकरावर एफआयआर दोनच वेळा होतो. एक म्हणजे अत्यंत घोर गुन्हा असेल तेव्हा, ज्याला कमीत कमी सात वर्षांची शिक्षा आहे, जसा खून. दुसरं म्हणजे लेकराने मोठ्या माणसांसोबत मिळून गुन्हा केला असेल तेव्हा. बाकी सगळ्या प्रकरणांत पोलीस ठाण्याच्या रोजच्या डायरीत नोंद करतात, लेकराच्या घरची परिस्थिती, शाळा, सोबत कशी आहे याचा सामाजिक अहवाल लिहितात आणि ते कागद बाल न्याय मंडळाकडे पाठवतात. मंडळापुढे कधी यायचं ते आईबापांना कळवतात. लेकराला ताब्यात घेणं हे घोर गुन्ह्यासाठीच आहे, किंवा ताब्यात घेणंच त्याच्या हिताचं असेल तेव्हा. आमच्या गटातल्या पोराने दात पाडला, म्हणून त्याच्यावर एफआयआर व्हायचं कारण नव्हतं. डायरीत नोंद आणि मंडळाला कागद, एवढंच.

लेकराला ठाण्यात बोलवलं तर या गोष्टी पाळायच्या असतात. आईबापांना कळवायचं. बोलणं चालू असताना आई किंवा बाप सोबत बसू शकतात. कोठडीत टाकायचं नाही, बेडी किंवा दोरी लावायची नाही, मारायचं नाही, "कबूल कर" म्हणून दबाव टाकायचा नाही. लेकराची कोणत्याही जबाबावर सही घ्यायची नाही. ताब्यात घेतलंच तर प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत मंडळापुढे न्यायचं. आणि विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, म्हणजे लेकराला फुकट वकील मिळतो.

ज्या पोरांनी फक्त भांडण पाहिलं, त्यांच्या आयाही घाबरतात. साक्षीदार म्हणून पंधरा वर्षांखालच्या मुलाला, कोणत्याही मुलीला किंवा बाईला ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या घरी येऊन विचारायचं असतं. आपण आपणहून गेलो तर गोष्ट वेगळी.

वय कसं ठरतं? आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला बघतात, तो नसेल तर ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. म्हणून त्याची एक झेरॉक्स घरात वेगळी ठेवा. सात वर्षांखालच्या लेकराने काहीही केलं तरी कायद्याने तो गुन्हाच होत नाही. सात ते बारा वर्षांच्या लेकराला आपण काय करतो याची समज होती का, ते आधी पाहिलं जातं.

बाल न्याय मंडळ म्हणजे कोर्टाची भीती नाही

मंडळावर एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यातली एक बाई असावीच लागते. मंडळाचं काम विचारपूस करण्याचं असतं. पोरगं असं का वागलं, घरी काय चालू आहे, शाळेत त्याला कोणी चिडवतं का, हे ते पाहतात. मारामारीच्या प्रकरणात मंडळ पोराला समज देऊन सोडू शकतं, समुपदेशनाला पाठवू शकतं, समाजसेवेचं काम देऊ शकतं, आईबापांना दंड करू शकतं, किंवा ठरावीक काळ परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली घरीच ठेवू शकतं. सुधारगृहात पाठवणं हे शेवटचं पाऊल आहे. मोठ्या माणसाला जामीन मिळवायला जसा जामीनदार शोधत फिरावं लागतं, तसं इथे नाही. लेकराला सोडणं हाच नियम आहे, अडवून ठेवायला मंडळाला कारण लिहावं लागतं.

आता आपल्या घरोघरचा प्रश्न. आपली कितीतरी पोरं पहाटे उठून पोलीस भरतीसाठी, सैन्यासाठी रस्त्याने धावतात. बाप म्हणतो, "ठाण्यात नाव गेलं, आता पोराची भरती गेली." या भीतीपोटीच कोणी पैसे देऊन मिटवतं, कोणी दाखला काढतं, कोणी पोराला मामाच्या गावी पाठवतं. बाल न्याय कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे की या कायद्याखाली प्रकरण झालं म्हणून पुढे कोणतीही अपात्रता येत नाही. प्रकरण निकाली निघाल्यावर चारित्र्याच्या दाखल्यासाठी पोलिसांनी ती नोंद उघड करायची नसते. अपवाद एकच आहे: सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाने अत्यंत घोर गुन्हा केला आणि त्याचा खटला मोठ्यांसारखा चालला तर. नळावरच्या भांडणाने कोणाची भरती जात नाही. शाळा सुटली तर मात्र जाते.

मोठ्या माणसाने हात उचलला की

आजच्या बोलण्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. लेकरांना जो कायदा सांभाळून घेतो, तो मोठ्यांना सांभाळून घेत नाही. आमच्या गटातला चुलता काठी घेऊन फाटकाशी गेला, तेव्हा त्याच्या घरचं पोरगं मार खाल्लेलं होतं, बाजू त्यांची होती. काठी उचलली आणि गुन्हा त्याच्यावर लागला. त्याच्यासाठी मंडळ नाही, समुपदेशन नाही. त्याच्यासाठी एफआयआर, कोर्ट, तारखा, आणि ती नोंद कायम राहते. दुसरं असं की, मोठा भाऊ अठरा वर्षांचा झालेला असेल आणि तो धाकट्यासोबत मारायला गेला, तर धाकट्याच्या प्रकरणातही एफआयआर होऊ शकतो, कारण मोठ्यासोबत मिळून केलेला गुन्हा झाला. म्हणजे आपणच मदतीला जाऊन लेकराला खोल पाण्यात ओढतो.

मोठे उतरले की भांडण दोन पोरांचं राहत नाही. ते दोन भावक्यांचं होतं, मग दोन जातींचं, दोन धर्मांचं होतं. राजस्थानात उदयपूरला ऑगस्ट २०२४ मध्ये एका सरकारी शाळेतल्या दहावीच्या दोन मुलांचा वाद चाकूपर्यंत गेला. जखमी मुलगा रुग्णालयात होता, तेवढ्यातच शहरात गाड्या जाळल्या गेल्या, इंटरनेट बंद करावं लागलं. चाकू मारणाऱ्या मुलाचं कुटुंब राहत होतं ते घर पाडलं गेलं, आणि ते घर तर भाड्याचं होतं, मालक वेगळाच. जखमी मुलगा तीन दिवसांनी दगावला. त्या जाळपोळीने त्याच्या आईला काय मिळालं?

भांडणात जातीवरून शिवी दिली असेल, तर ती गोष्ट लपवू नका आणि वाढवूही नका. जे शब्द बोलले गेले तेच तक्रारीत लिहा. पण खोटं घालून प्रकरण मोठं करू नका. खोटं उघडं पडलं की ज्यांच्यावर खरंच अन्याय झाला त्यांच्यावरही लोक विश्वास ठेवत नाहीत.

आणि मोबाईल. पोरं भांडण सोडवत नाहीत, व्हिडिओ काढतात. मोठे तो गावाच्या ग्रुपवर टाकतात. अशा प्रकरणातल्या लेकराचं नाव, फोटो, शाळा, पत्ता छापणं किंवा पसरवणं याला बाल न्याय कायद्याने बंदी आहे. मारणाऱ्याचंही नाव नाही, मार खाणाऱ्याचंही नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणूनच मीही आज कोणाचं नाव घेतलं नाही. व्हिडिओ पुरावा म्हणून लागणार असेल तर तो फोनमध्ये जपून ठेवा, पोलिसांना दाखवा, ग्रुपवर टाकू नका.

ज्या लेकराला मार बसला त्याची आई

एवढं सगळं ऐकून मार खाल्लेल्या लेकराची आई म्हणेल, कायदा मारणाऱ्याचंच ऐकतो, माझ्या लेकराचं काय? तिचा राग बरोबर आहे. तिला गप्प बसवण्यासाठी मी हे सांगत नाही.

तिला तक्रार देण्याचा पूर्ण हक्क आहे. "बायांच्या गटातल्या आहात, मिटवून घ्या" असा दबाव गटाने तिच्यावर टाकायचा नाही. तक्रार लिहून झाल्यावर ती वाचून दाखवायला सांगा, मगच सही करा. डायरीत नोंद झाली तर नोंदीचा क्रमांक आणि तारीख मागून घ्या. मोठ्या माणसावर एफआयआर झाला तर त्याची प्रत फुकट मिळते. दखल घ्यायचा गुन्हा असूनही ठाण्यात तक्रार घेतली नाही, तर तीच तक्रार लेखी करून टपालाने जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. वकील लागला तर बायांना आणि लेकरांना विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. त्यांचा नंबर १५१००.

दवाखान्याचा खर्च मारणाऱ्या पोराच्या घरच्यांनी द्यावा, हे बोलणं चुकीचं नाही. पण तो शाळेत सगळ्यांसमोर, कागदावर लिहून द्यावा. अंधारात हातात नोटा ठेवून झालेली मिटवामिटवी दोन महिन्यांत पुन्हा पेटते.

शाळेची आणि आपली जबाबदारी

शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे. त्याप्रमाणे आठवीपर्यंतच्या लेकराला शाळेतून काढून टाकता येत नाही. "दाखला घेऊन जा" हा सल्ला असतो, तो हुकूम नसतो. आपण सही केली नाही तर दाखला निघत नाही. हे एक वाक्य त्या बापाला माहीत असतं तर पोरगं कापसात गेलं नसतं. याच कायद्याने शिक्षकांनी मारणं आणि मानसिक त्रास देणं बंद आहे. म्हणजे "दोघांनाही चांगलं बदडा सर" हे सांगणंही बंद करा. मार बघून पोरगं मार द्यायलाच शिकतं.

त्याच कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात पंचाहत्तर टक्के पालक आणि निम्म्या बाया हव्यात. मैत्रिणींनो, त्या निम्म्या जागा आपल्या आहेत. कितीतरी ठिकाणी आपलं नाव कागदावर असतं आणि सही घरी येऊन घेतात. पुढच्या वेळी सही करण्याआधी बैठकीला जा आणि विचारा: मधल्या सुट्टीत मैदानावर कोणते शिक्षक असतात? नळावर, संडासाच्या मागे, फाटकाशी कोणाचं लक्ष असतं? तक्रारपेटी आहे का, ती कोण उघडतं? मार्च २०२२ च्या शासन निर्णयाप्रमाणे सखी सावित्री समिती नेमली आहे का? बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये सरकारने तक्रारपेटी, सीसीटीव्ही आणि या समितीबद्दल शाळांना पुन्हा बजावलं आहे.

पोलिसांना भांडण झाल्यावरच बोलवायचं असंही नाही. महाराष्ट्र पोलिसांचा "पोलीस काका" आणि "पोलीस दीदी" असा उपक्रम आहे. शाळेने पत्र दिलं तर ठाण्यातले अधिकारी येऊन मुलांशी बोलतात. पोलीस ओळखीचे झाले की लेकरू त्रास सांगायला पुढे येतं. पण त्यांना वर्गात शिस्त लावायला बोलवू नये. अमेरिकेत पुष्कळ शाळांमध्ये कायमचे पोलीस नेमलेले असतात. पूर्वी शिक्षक मिटवायचे ती भांडणंही तिथे कोर्टापर्यंत जाऊ लागली, आणि त्याचा फटका गरीब आणि काळ्या मुलांना जास्त बसला, अशी टीका तिथलेच लोक करतात. शिस्त हे शाळेचं काम, सुरक्षा हे पोलिसांचं. एकाचं काम दुसऱ्यावर ढकललं की मधे लेकरू सापडतं.

त्या दोघींचं काय झालं?

आता राहिलं त्या दोघींचं. जानेवारीत मी आधी दोघींकडे वेगवेगळी गेले. नंतर गटातल्या एका वयस्क मावशीच्या ओसरीवर दोघींना बसवलं. पहिला अर्धा तास कोणी बोललं नाही. मग दात तुटलेल्या पोराची आई म्हणाली, "माझ्या दिराने मारलं ते चुकलं. पण माझ्या लेकराच्या दाताला कोणी विचारायलाही आलं नाही." दुसरी म्हणाली, "मी येणार होते बाई, पण घरच्यांनी येऊ दिलं नाही." ती एवढ्यासाठीच चार महिने थांबली होती. दाताचा खर्च तीन हप्त्यांत द्यायचं ठरलं, ते मावशीने वहीत लिहून घेतलं. आम्ही पाच बाया शाळेत गेलो आणि पोराचं नाव परत घालून घेतलं.

सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. चुलत्याच्या तारखा अजून चालू आहेत. दोन्ही घरचे गडी एकमेकांशी बोलत नाहीत. पोराचा अभ्यास मागे पडला तो पडलाच. पण दोघी बैठकीला येतात आणि पोरगं शाळेत जातं.

म्हणून माझं एकच सांगणं आहे. पुढच्या बैठकीत हप्ते झाल्यावर पंधरा मिनिटं काढा. ११२, १०९८ आणि १५१०० हे तीन नंबर प्रत्येकीच्या वहीत लिहा. आपल्या ठाण्यातल्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याचं नाव विचारून घ्या. शाळा व्यवस्थापन समितीत आपल्यातली कोण आहे ते पाहा. आणि घरच्या गड्यांना आजच सांगून ठेवा: लेकरांच्या भांडणात आधी दवाखाना, मग शाळा, गरज पडली तर ठाणं. काठी कधीच नाही.